माझ्यापाशी सगळे गप्प होतात

मी एक जुना चौथरा आहे. पुतळा नव्हे हं, मित्रांनो, पुतळ्याखालचा चौथरा! पुतळ्याकडे सगळे मान वर करून बघतात. त्याचे नाक बघतात, कुरळे केस बघतात. तो कुणाच्या डोक्यावर उभा आहे, हे कोण बघतो? पण खरी गंमत तर पुढेच आहे. आपण कोण, हे पुतळ्याला स्वतःला सांगता येत नाही. ते माझ्या कपाळावर लिहिलेले असते.

आता माझ्यावर पुतळाही उरलेला नाही. माझे कपाळ खरवडून खोलगट झाले आहे, त्यातून एक लांब भेग गेली आहे आणि माथ्यावर एक भोक आहे. आर्गिलाच्या बाजारचौकात, बंदराकडच्या टोकाला मी उभा असतो. मुले माझ्यावर टेकून अंजिरे खातात, कोळी ओली जाळी माझ्यावर वाळत घालतात. पण एक गोष्ट तुम्हीही बघा. माझ्याजवळ आले की सगळे गप्प होतात. मुलेसुद्धा! का, ते आता बहुतेकांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. सांगतो, पण तुम्ही मध्ये बोलायचे नाही.

माझा जन्म गावामागच्या डोंगरातला. निळसर राखाडी रंग, त्यात पांढऱ्या शिरा. मोलोन नावाच्या पाथरवटाने मला घडवले. तेव्हा तो तरणाबांड होता आणि काम करताना शीळ घालायचा. छिन्नी लागली की मला गुदगुल्या होत! मी रांगडा धोंडा होतो, त्याने मला चार गुळगुळीत बाजू दिल्या. मग मात्र त्याने शीळ थांबवली. माझ्या माथ्यावर त्याने एक भोक पाडायला घेतले. ते आरपार, थेट माझ्या तळापर्यंत नेले. इतर चौथऱ्यांना असे भोक नसते. मी मनात म्हटले, हे काहीतरी वेगळे आहे.

वेगळे होतेच. माझ्याखाली एक माणूस ठेवायचा होता.

त्याचे नाव तेलेसोन. सातू वाहून नेणारा साधा नाखवा होता तो. त्या वर्षी शत्रूच्या जहाजांनी आर्गिलाचे बंदर अडवून धरले होते. गावात खायला काही उरले नव्हते. बाया काटेरी पाला उकडत होत्या, पुरुष जुन्या चपलांचे चामडे चघळत होते. एका वादळी दुपारी शत्रूची जहाजे आडोशाला गेली आणि तेवढ्यात तेलेसोनने सातूने भरलेली होडी आत घुसवली! लोक धक्क्यावर वेडे होऊन ओरडत होते. होडी टेकली. तेलेसोन सुकाणूला धरून तसाच उभा होता. त्याच्या गळ्याखाली बाण होता.

"पाणी," तो म्हणाला.

मित्रांनो, सगळे गाव पोत्यांकडे धावले. तेलेसोनकडे एकही माणूस धावला नाही. त्याची लहानगी मुलगी मेलिन्ना तेवढी कारंज्याकडे पळाली. भांडे हाताशी नव्हते, म्हणून तिने ओंजळीत पाणी आणले. धावता धावता ते सांडत गेले. ती पोहोचली तेव्हा तिचे तळवे नुसते ओले होते, आणि बाप गेला होता.

लोकांची पोटे भरली, मग त्यांना लाज वाटली. सभेत सगळ्यांचे हात वर झाले आणि ठरले, की तेलेसोनला गावाचा 'उपकारकर्ता' म्हणायचे. नुसते म्हणायचे नाही, तर मेलेल्या वीराला देतात तो पूर्ण मान द्यायचा. त्याच्या अस्थींचा कलश चौकात पुरला गेला. कलशाच्या तोंडावर भाजक्या मातीची नळी आली, नळीवर मी, आणि माझ्यावर त्याचा कांस्याचा पुतळा. पुतळ्याचा उजवा हात पुढे पसरलेला होता, तळवा वर करून. मरताना त्याने तसाच पाण्यासाठी पसरला होता.

दर वसंतात, सातूला पहिली कणसे धरली की लोक माझ्या भोकात दूध, मध आणि द्राक्षरस ओतत. सगळ्यात शेवटी मेलिन्ना येई आणि ओंजळीने पाणी ओते. गट्‌, गट्‌ असा आवाज करत ते खाली जाई. तो आवाज झाला की लोकांचे खांदे सैल पडत. प्याला, म्हणजे रागावलेला नाही!

आणि वीराच्या थडग्याजवळून जाताना आमच्याकडे कोणी बोलत नाही. त्याला आपला आवाज आवडला नाही तर? म्हणून सगळे गप्प. ओझेवाले गाढवाच्या तोंडावर हात धरून जात. दोन बायका भांडत आल्या तर भांडण माझ्या अलीकडे थांबे, आणि मला ओलांडले की त्याच शिवीपासून पुन्हा सुरू होई! आया लहान मुलांच्या ओठांवर बोट ठेवत. चालणे शिकण्याआधी मुले माझ्यापाशी गप्प राहायला शिकत. तो माझा मोठा मानाचा काळ होता, मित्रांनो. मला वाटे, हे असेच चालणार.

पण वर्षे सरली आणि चौकात गर्दी होऊ लागली. माणसांची नव्हे, पुतळ्यांची! कोणी कुस्तीच्या आखाड्याला तेल दिले, झाला उपकारकर्ता. कोणी छपराला कौले दिली, तोही उपकारकर्ता. एक पाहुणा तर नुसते लांबलचक भाषण देऊन गेला, त्यालाही पदवी आणि पानांचा मुकुट! मग नवा पुतळा घडवायचा कंटाळा येऊ लागला. जुन्या चौथऱ्यावरचे नाव खरवडायचे, नवे कोरायचे, झाले काम. माझ्या डावीकडचा शेजारी चौथरा तर एका पिढीत तीन वेळा नवा माणूस झाला. वरचा पुतळा तोच, दाढी तीच! लोक हसत. मीही हसायचो. आपल्याला कोण हात लावणार, असे मला वाटायचे.

मग एका उन्हाळ्यात समुद्रापलीकडे धूर दिसला. पहिल्या दिवशी लोक म्हणाले, गवत पेटले असेल. दुसऱ्या दिवशी कोणी काही म्हणाले नाही. राजा अमिन्तोरचे आरमार किनाऱ्या-किनाऱ्याने येत होते आणि दारे लावून घेणाऱ्या गावांचा तो धूर होता. आर्गिलाचे काळीज धडधडू लागले, कारण आदल्या वर्षी आर्गिलाने त्याच्या शत्रूच्या जहाजांना पाणी भरू दिले होते.

पुढच्या वसंताच्या तोंडावर राजाचा दूत आला. कालास त्याचे नाव. गोरा, गुबगुबीत आणि गोडबोल्या. नगरसभेचा म्होरक्या फानियास त्याला चौक दाखवत होता. फानियासला घाम सुटला होता.

"आम्ही महाराजांना 'उपकारकर्ता' ही पदवी द्यायचं ठरवलंय," फानियास म्हणाला.

"उपकारकर्ता?" कालासने आखाड्याच्या तेलवाल्याच्या पुतळ्याकडे बोट केले. "म्हणजे याच्या पंगतीत बसवणार का राव तुम्ही महाराजांना?"

"तसं नाही हो... मग 'महाउपकारकर्ता' म्हणू?"

"पलीकडच्या बेटानं 'तारणहार' दिलंय. त्याच्या पलीकडच्यानं तर थेट देवच म्हटलंय. बघा बुवा, मी आपलं सांगतो."

"तारणहार! तारणहारच म्हणणार होतो मी," फानियास घाईघाईने म्हणाला. "पुतळाही उभारू. घडवायला जरा वेळ..."

"वेळ? महाराज पंधरवड्यात येतायत."

बोलत बोलत ते माझ्याजवळ आले. आणि काय झाले असेल? फानियास गप्प झाला. मागचे सगळे लोक गप्प झाले. कालासने इकडेतिकडे पाहिले. त्याला वाटले, या जागेचा दराराच असा! त्याने माझ्यावरचा पुतळा पाहिला, पुढे पसरलेला हात पाहिला.

"हाच!" तो म्हणाला. "हात कसा दानशूरासारखा पुढे केलाय. नाव तेवढं बदलून टाका."

पाणी मागायला पसरलेला हात त्याला देणारा हात वाटला. फानियासला सगळे ठाऊक होते. तरी त्याने मान डोलावली. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या पोटातली नळी गार पडली.

दुसऱ्या दिवशी मोलोन आला. आता तो म्हातारा झाला होता आणि शीळ घालायची त्याने कधीच सोडली होती. त्याच्याबरोबर फानियास होता. मागोमाग मेलिन्ना आली आणि तिने दोघांना माझ्या थोडे अलीकडेच अडवले. तिच्या केसांत पांढऱ्या बटा होत्या. ती बंदरावर खारवलेले ऑलिव्ह विकायची आणि तिच्या जिभेला सगळे बंदर भ्यायचे.

"मोलोनकाका, छिन्नी खाली ठेवा," ती म्हणाली.

"पोरी, मला सभेचा हुकूम आहे."

"मग सभेलाच विचारते." ती फानियासकडे वळली. "काय हो फानियासदादा, लहानपणी माझ्या बापाचा सातू खाऊनच वाढलात ना? की विसरलात?"

"हळू बोल, मेलिन्ना. दूत ऐकेल."

"ऐकू दे की! त्याला सांगितलं का तुम्ही, ते भोक कशाचं आहे ते? ज्याचं नाव इथं असतं, त्याला मेलेला समजून पाणी पाजतात. जित्या राजाचं नाव तुम्ही मढ्याच्या तोंडावर लिहिताय! ही काय थट्टा आहे?"

"भोक बुजवू आपण. शिसं ओतू. कोण वाकून बघणार आहे?"

"आणि माझे बाबा? ते काय पिणार?"

फानियास वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. त्याने समुद्राकडे हात केला. पलीकडे पुन्हा धूर होता, आधीपेक्षा जवळ.

"तुझ्या बापानं गाव वाचवलं. आता त्याचं नाव पुसून गाव वाचत असेल, तर त्यानं स्वतःच पुसलं असतं," तो म्हणाला.

"नाव पुसा," मेलिन्ना हळूच म्हणाली. तिची जीभ पहिल्यांदाच अडखळली. "पुसा हवं तर नाव. पण घोट तेवढा तोडू नका. ते तहानलेले गेले, दादा. मी वेळेवर पोहोचले नव्हते."

तिचे कोणी ऐकले नाही. मोलोनने स्वतःच कोरलेली अक्षरे स्वतःच खरवडली. या वेळी गुदगुल्या झाल्या नाहीत. कपाळावर खोल खळगा पडला आणि त्या खळग्यात नवी अक्षरे आली: 'आर्गिलाच्या प्रजेकडून, राजा अमिन्तोर, तारणहार यास.' मग माझ्या माथ्यावरच्या भोकात वितळलेले शिसे ओतले गेले. तुमच्या तोंडात कोणी बोळा कोंबला तर कसे वाटेल? तसे मला वाटले. बाहेरचे सगळे आवाज येत होते. खालचे मात्र माझ्या आत कोंडले गेले.

आणि खालून आवाज येत होते.

सातूला कणसे धरली. तेलेसोनचा दिवस आला. दूध आले नाही, मध आला नाही. मेलिन्ना एकटी आली आणि तिने ओंजळीने पाणी ओतले. ते शिशावर साचून राहिले. गट्‌ झाले नाही. ती बराच वेळ वाकून वाट पाहत राहिली. मग उन्हाने ते पाणी वाळले आणि ती तोंड झाकून निघून गेली. खाली, माझ्या तळाशी, कोरड्या घशाने कोणी आवंढा गिळावा तसे काहीतरी झाले. त्यानंतर कुत्री माझ्या सावलीत बसेनाशी झाली. माझ्याभोवतीची फरसबंदी उचकटू लागली, जणू खालची माती आक्रसत होती. नळी माझ्यापासून सुटू लागली. शिसे माझ्या कडांना धरून होते खरे, पण त्याच्याखाली आता काही नव्हते.

राजाच्या स्वागताच्या दिवशी आकाश निळेभोर होते. घराघरांत सातूच्या भाकरी भाजल्या जात होत्या, चौकात बैल भाजत होता, पोरींनी डोक्यात फुले माळली होती. दवंडीवाल्याने लोकांना आधीच घोकून घेतले होते, की महाराज पुतळ्यापाशी पोहोचले की सगळ्यांनी एका सुरात ओरडायचे, "तारणहाराचा विजय असो!" सकाळपासून तीनदा तालीम झाली होती. पण कुठे झाली होती? बंदरावर! माझ्यापाशी तालीम घ्यावी, हे कुणाच्या डोक्यातच आले नाही. माझ्यापाशी ओरडून तालीम घेणार तरी कोण?

राजा अमिन्तोर जहाजातून उतरला. मला वाटले होते, राक्षसासारखा असेल. तो तर सडपातळ होता, उन्हाने नाक सोललेला, आणि थोडा लंगडत होता. लोक ओरडत होते, फुले उधळत होते, "तारणहार! तारणहार!" आवाज कसा घुमत होता! बंदराच्या भिंतीवरचे समुद्रपक्षी उडून गेले. राजा हसला. तो चौकात आला. हळूहळू माझ्याजवळ आला.

आणि सगळे शहर गप्प झाले.

कोणी ठरवून केले नाही, मित्रांनो! आधी पुढच्या रांगेचा आवाज बंद झाला, मग तिच्या मागच्या रांगेचा, मग अगदी बंदरापर्यंत. दवंडीवाल्याने तोंड उघडले होते, ते तसेच उघडे राहिले. एका बाईने सवयीने मुलाच्या ओठांवर बोट ठेवले. फानियास डोळ्यांनी खुणा करत होता, "ओरडा, ओरडा!" पण त्याच्याही घशातून आवाज फुटत नव्हता. बैलाची चरबी निखाऱ्यावर पडून चुरचुरत होती, तेवढाच आवाज.

राजाचे हसू गेले. "हे गप्प का झाले?" त्याने विचारले.

"आदर, महाराज," कालास म्हणाला. "आदरानं गप्प झालेत."

"आदर करणारे माझ्याकडे बघतात. हे जमिनीकडे बघतायत."

राजा चिडला. पुजारी द्राक्षरसाचा प्याला घेऊन उभा होता. राजाने तो प्याला हिसकावून घेतला. "आण इकडे! मीच ओततो," तो म्हणाला, आणि स्वतःच्या पुतळ्याच्या पायाशी, माझ्या माथ्यावर, त्याने सगळा प्याला उपडा केला.

शिसे खचले. मी जरा अंग सैल सोडले का? दगडाला अंग सैल सोडता येते का? ते तुम्हीच ठरवा. शिशाचा गोळा माझ्या पोटातून खडखडत खाली गेला आणि त्याच्यामागे तो लाल रस.

गट्‌. गट्‌. गट्‌. गट्‌.

त्या शांततेत तो आवाज केवढा मोठा वाटला! एखाद्या तहानलेल्या माणसाने माठ तोंडाला लावावा तसा. संपता संपेना. शेवटी खालून एक लांब सुस्कारा आला.

राजा मागे सरकला. "कोण पितंय?"

गर्दीतून मेलिन्ना पुढे आली. तिच्या हातांना खारवणाचा वास होता. ती माझ्यापाशी आली, आणि आर्गिलाच्या आठवणीत पहिल्यांदाच, सगळ्या गावादेखत, गावातलेच कोणीतरी माझ्यापाशी मोठ्याने बोलले.

"माझे बाबा, महाराज. फार दिवस तहानले होते."

तिने सगळे सांगितले. होडी, बाण, ओंजळ. राजा ऐकत होता. मग त्याने खाली वाकून माझे कपाळ वाचले. बोटाने एकेक अक्षर चाचपले. आपल्या नावावर येऊन त्याचे बोट थांबले.

"या भोकात ओततात," तो सावकाश म्हणाला, "ते इथं ज्याचं नाव असेल त्याला पोहोचतं?"

"हो."

"मेलेला समजून?"

मेलिन्नाने मान खाली घातली.

"अपशकुन वगैरे काही नसतं, महाराज," कालास घाईने म्हणाला. "ही म्हाताऱ्या कोळणींची..."

"सगळं शहर गप्प झालं, कालास." राजाचा आवाज इतका लहान झाला होता, की पहिल्या रांगेपलीकडे तो गेलाच नसेल. "माझं प्रेत बघावं तसं गप्प झालं. आणि घोट मी माझ्याच हातानं पाजला."

फानियासला वाटले, आता गाव जळणार. तो गुडघ्यांवर बसला. पण राजा त्याच्याकडे बघतच नव्हता. तो माझ्या कपाळाकडे बघत होता. "पुसा ते," तो म्हणाला. "आत्ता. माझ्यासमोर."

किती राजांनी आपले नाव कोरा म्हणून गावे वेठीला धरली असतील! आपले नाव पुसा म्हणून घायकुतीला आलेला राजा मी एकच पाहिला. मोलोनला धरून आणले गेले. त्याने छिन्नी लावली. माझ्या कपाळात आता खरवडायला उरले होते तरी काय? पहिल्या घावाला कपची उडाली, दुसऱ्या घावाला 'अमिन्तोर' अर्धा गेला, आणि तिसऱ्या घावाला मी तडकलो. वरून खालपर्यंत, थेट नळीपर्यंत. मोलोनने हात मागे घेतला. "महाराज, आणखी एक मारला तर याचे दोन तुकडे होतील. कलश उघडा पडेल."

"नको!" राजा ओरडला. "उघडू नका. राहू दे. तसंच राहू दे."

बैल तसाच राहिला. राजाने घासही घेतला नाही. वारा उलटा होता तरी त्याने जहाजे हाकारली. आर्गिलाच्या घरांना कोणी काडी लावली नाही, पोरांना कोणी वल्ह्यांना जुंपले नाही. पण आनंदाने ओरडायचीही कुणाला छाती झाली नाही. फानियासने मेलिन्नाकडे पाहिले आणि म्हणाला, "बाई, तुझ्या बापानं दुसऱ्यांदा वाचवलं." ती म्हणाली, "तुम्ही दुसऱ्यांदा पोत्यांकडेच धावलात, दादा."

हिवाळ्याआधी बातमी आली, की राजा अमिन्तोर गेला. कोणी म्हणे जहाज बुडाले. कोणी म्हणे रुक्ष डोंगरात कूच करताना ताप चढला आणि तो पाणी पाणी करत गेला. दगड कुणाला मारत नाही, मित्रांनो. मी फक्त जे ऐकले ते सांगतो. पण त्या संध्याकाळी आर्गिलात कोणीही कारंज्यावर पाणी भरायला एकटे गेले नाही.

पुढच्या राजाचाही दूत आला. पदवी तीच, 'तारणहार'. त्याला चौकातला हवा तो पुतळा निवडायला सांगितला. तो हसत हसत माझ्यापर्यंत आला, माझे कपाळ बघितले, सगळे गप्प झालेले बघितले, आणि घाईने तेलवाल्याकडे वळला! त्यानंतर माझ्या वाटेला कोणीच गेले नाही. शेजाऱ्यांची नावे बदलत राहिली. फानियासचाही पुतळा झाला आणि पुढे तोही दुसऱ्याचा झाला. माझा पुतळा एका लढाईत वितळवून भाल्यांची टोके केली. हात मात्र तुटून मागे राहिला होता, तो मेलिन्नाने घरी नेला.

एकदा मोलोन स्वतःहून आला. त्याला तेलेसोनचे नाव पुन्हा कोरायचे होते. त्याने सगळीकडे हात फिरवला, बोटाने टिचक्या मारून पाहिल्या. प्रत्येक टिचकीला मी फुटक्या मडक्यासारखा वाजलो. त्याचे डोळे भरून आले.

"जागा नाही गं, पोरी. एक अक्षरही सोसणार नाही याला."

मेलिन्ना ओंजळीत पाणी घेऊन उभी होती. मला वाटले, आता ती रडेल. याच नावासाठी तर ती सगळ्या गावाशी भांडली होती. पण ती म्हणाली, "राहू दे, मोलोनकाका. नावं यांनी किती जणांची कोरली. गप्प मात्र एकासाठीच झाले." आणि तिने पाणी ओतले. गट्‌.

ती गेली. मोलोन गेला. मग तिच्या शेजारणींच्या मुली पाणी आणत, मग त्यांच्या मुली. आता कधी कोणी आणते, कधी नाही. माझ्या भोकात पानगळ साचते. मुले त्यात अंजिरांचे देठ टाकतात. माझे कपाळ अजून दिसते. नाव गेले आहे, पण 'तारणहार' हा शब्द भेगेच्या पलीकडे तसाच राहिला आहे. कुणाचा, ते कोणालाच ठाऊक नाही. नवे सत्ताधीश चौकात येतात, तो रिकामा शब्द वाचतात आणि क्षणभर त्यांच्या डोळ्यांत हाव येते. तेव्हा मला थंडी वाजते.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण खिशातला खिळा काढून माझ्या अंगावर स्वतःचे नाव कोरतात, हे मला कळते बरं का! दुखते म्हणून सांगत नाही. माझ्यावर नाव लिहिले की ते कुठे पोहोचते, हे तुम्ही आत्ताच ऐकलेत, म्हणून सांगतो. कुणाला मोठी पदवी द्यायची असेल तर जरूर द्या. पण आधी वाकून बघा, त्या जागेखाली कोण आहे. आणि कोणी हात पसरलेला दिसला, तर तो देतो आहे की मागतो आहे, हे एकदा त्यालाच विचारा.

माझे एवढेच मागणे आहे. भोकातला कचरा काढा आणि येता जाता ओंजळभर पाणी ओता. यंदाचा उन्हाळा फार कडक आहे. माझ्याभोवतीची फरसबंदी पुन्हा उचकटू लागली आहे, कुत्र्यांनी माझी सावली सोडली आहे आणि समुद्रापलीकडे, काल संध्याकाळपासून, थोडासा धूर दिसतो आहे.

गवत पेटले असेल.

गप्प बसा जरा. ऐका. खाली कोणीतरी आवंढा गिळतो आहे.